बॅलेच्या शाळेची सोयरीक

हिंगोली जिल्ह्यात बॅले कोण शिकतं, असं ज्यांना हसून विचारायचं असेल त्यांनी आत्ताच विचारून घ्यावं, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल. कनेरगाव नाक्यावर, वाशिम रस्त्याला लागून, दत्ताभाऊंचा ढाबा आहे. त्यांची पोरगी रेणुका शिकते. झालं हसून? चला पुढं.

मी आठ वर्षं पत्रकं लिहिते. काय करता म्हणून कुणी विचारलं की मी हेच सांगते, आणि समोरचा म्हणतो, "ते ठीक, पण काम काय करता?" काम हेच. हिंगोलीत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि आमचा पालकांचा मंच. लेकराला बाहेरगावी ठेवून काही शिकवायचं ठरलं, मग ती भरतीची अकॅडमी असो, कुस्तीचं वसतिगृह असो की गाण्याचं गुरुकुल, की आईबाप जिना चढून आमच्याकडं येतात. आम्ही संस्थेची चौकशी करतो, जाऊन पाहतो, खोटं सापडलं की पत्रक काढून बसस्टँडवर वाटतो. या कामात मी दोनदा धक्काबुक्की खाल्ली, एकदा वकिलाची नोटीस घेतली, आणि एकदा एका संस्थाचालकानं मला शाल-श्रीफळ द्यायला बोलावलं. तिन्हींत ते शेवटचं धोक्याचं होतं.

माणसंही एकेक भेटतात. एक गृहस्थ पदकाची लेखी हमी देणारी संस्था विचारत आले. मी म्हटलं, अशा तीन आहेत आणि तिन्हींच्या विरोधात माझी पत्रकं आहेत. त्यांनी तिन्ही पत्रकं मागून घेतली आणि त्यांतले पत्ते वहीत उतरवून गेले. एक आई आली. संस्था चांगली आहे असं मी सांगितल्यावर तिनं आशेनं विचारलं, "मारतात ना पण?" मारत नाहीत म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला. मी तिला तासभर बोलून घेतलं. मला राग लवकर येतो, हे इथंच कबूल करते. माझ्या कामाला तो लागतोही.

माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक म्हणजे 'लेकरू पाठवण्याआधी विचारायचे बारा प्रश्न'. तीन वर्षं ते मोबाईलवरून गावोगाव फिरलं. शिक्षक कुठं शिकलेत, एका वर्गात किती मुलं, दुखापत झाली तर डॉक्टर कोण, शाळेचा अभ्यास चालू राहतो का, असे रोखठोक बारा. त्याचा मला अभिमान होता. होता म्हणते, कारण पुढं काय झालं तेच सांगायचंय.

रेणुका आमच्या खोलीत पहिल्यांदा आली तेव्हा चौदा वर्षांची होती. बरोबर दत्ताभाऊ, आणि हिंगोलीतल्या एका बँकेत अधिकारी म्हणून बदलून आलेल्या एक मॅडम. या मॅडम लहानपणी मोठ्या शहरात बॅले शिकलेल्या. इथं आल्यावर, लग्न नसेल त्या दिवशी, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या थप्प्या बाजूला सारून त्या पोरींना शिकवायच्या. धरायला दांडा नव्हता म्हणून खिडकीचे गज धरायचे. अकरा पोरी आल्या, वर्षात चार उरल्या, तिसऱ्या वर्षी एक. ती नाक्यावरून एस.टी.नं येणारी रेणुका. आता मॅडमची बदली झाली होती.

त्या म्हणाल्या, "हिच्यात आहे. पण मी शिकवलं तो ओनामा. पंधराव्याच्या आत खऱ्या ठिकाणी गेली नाही, तर पुढं मन कितीही म्हणालं तरी अंग ऐकणार नाही."

दत्ताभाऊ मांडीवर हात ठेवून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, तिथं लेकराची तकलीफ तर न्हाई व्हनार ना?"

सांगते, मला त्या दिवशी किती आनंद झाला. सात वर्षांत सगळे पोलीस भरती, सैन्य भरती, डॉक्टर भरती. हिंगोलीच्या पोरीनं याच्यापलीकडं काही मागायचं नाही, असा जणू कुणी ठराव करून ठेवलाय. आणि इथं एक ढाबेवाला विचारत होता की बॅलेची चांगली शाळा कशी ओळखायची. मी आठ दिवस दुसरं काही केलं नाही. मॅडमना फोन करकरून समजून घेतलं, ते अडाण्याच्या भाषेत तुम्हाला सांगते, कारण मीही अडाणीच होते.

बॅलेत पोरी पायाच्या बोटांच्या अगदी टोकावर उभ्या राहतात. त्यासाठी पुढून टणक असलेले खास बूट असतात. लोकांना वाटतं ते बूट घातले की बॅले सुरू झालं. उलट आहे. पाय, घोटा, पाठ पुरेशी तयार होण्याआधी ते बूट घातले तर वाढत्या हाडांचं कायमचं नुकसान होतं. चांगली शाळा ते बूट लांबवते. दुसरं म्हणजे जमीन. ती लाकडी हवी, आणि लाकडाखाली पोकळी हवी, म्हणजे उडी मारून खाली आल्यावर ती थोडी दबते. सिमेंटवर फरशी घालून त्याच उड्या रोज मारल्या की गुडघे आणि नडगी संपली. आणि तिसरं, वजन. चारचौघांत काट्यावर उभं करून पोरींचं वजन वाचणारी शाळा असेल, तर तिथून चप्पल हातात घेऊन पळावं.

दोन शाळा निवडल्या, दोन्ही पुण्यात. नावं लिहीत नाही. बघायला मी, दत्ताभाऊ आणि रेणुका जाणार होतो. निघायच्या दिवशी नाक्यावर पाहते तर चौथी पिशवी. दत्ताभाऊंची थोरली बहीण, साखऱ्याची भागाआत्या, नवं लुगडं नेसून उभी.

भागाआत्या म्हणजे सेनगाव तालुक्यातल्या सोयरिकींचं इंटेलिजन्स खातं. स्थळाची चौकशी करायची तर लोक तिला गाडीत घालून नेतात. तिनं जमवलेली लग्नं तीसएक असतील, मोडलेली त्याहून जास्त, आणि मोडलेल्यांचा तिला अधिक गर्व. प्रवासात तिनं एक किस्सा सांगितला. वरपक्षाच्या अंगणात नवा ट्रॅक्टर उभा, सगळे खूष. हिनं चहा न पिताच नकार दिला. का, तर घरचं कुत्रं त्या ट्रॅक्टरवर भुंकत होतं.

"घरच्या ट्रॅक्टरवर कुत्रं काहून भुकंल?" ती म्हणाली. "मागून आनल्याला होता."

मी हसले, पण मनात चिडलेच होते. बॅलेच्या शाळेत हिचं काय काम? मी तिला बजावलं, आत्या, तिथं प्रश्न मी विचारीन. ती म्हणाली, "इचार माय. पत्रकवाली तू हायस."

पहिली शाळा. काचेचं दार, भिंतीवर परदेशी रंगमंचांचे फोटो, संचालक सर स्वतः दारापर्यंत आले. मी पर्समधून बारा प्रश्न काढले. काय सांगू, असा माणूस मी पाहिला नव्हता. शिक्षकांची प्रमाणपत्रं फायलीत तयार. वर्गात बारा मुली. डॉक्टर ठरलेला. दहावीचा अभ्यास सांभाळून. आठव्या प्रश्नाचं उत्तर संपवून त्यांनी न विचारता नवव्याचं दिलं. मला वाटलं, इतक्या वर्षांत एक तरी शुद्ध माणूस भेटला. हॉल दाखवला. चकचकीत लाकडी जमीन, खाली पोकळी ठेवलेली, भिंतभर आरसे. मग सरांनी रेणुकाला दोनचार गोष्टी करायला सांगितल्या, टाळ्या वाजवल्या, आणि कपाटातून ते बूट काढले.

मला माहीत होतं. आठ दिवस हेच तर शिकले होते. पण रेणुकानं ते घातले, रिबिनी बांधल्या, दांड्याला धरून टोकावर चढली आणि आरशात तिनं स्वतःकडं पाहिलं. तो चेहरा बघून मी घरी शिकलेलं सगळं विसरले. दत्ताभाऊंनी डोळे पुसले. सर म्हणाले, बूट घरी घेऊन जा, आमच्याकडून. आणि फॉर्म पुढं केला. पालकाची सही, साक्षीदाराची सही. साक्षीदार मी.

पेन हातात होतं तेव्हा दारातून आवाज आला. "आज कुंकू लावायचं न्हाई."

भागाआत्या. ती इतका वेळ कुठं होती हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सरांना तिनं नम्रपणे सांगितलं की आमच्यात पाहायला आलेल्या दिवशी होकार देत नसतात, आणि आम्हाला बाहेर कडुनिंबाखाली नेलं.

तिनं सांगितलं ते असं. ती सरळ मागच्या बाजूला गेली, वसतिगृहाच्या मोरीवर. भांडी घासणारी बाई जिंतूरकडची निघाली, मग काय, गावचं गाव लागलं. सोमवारी पोरी जेवतच नाहीत, कारण सोमवारी सगळ्यांसमोर काटा असतो, हे तिच्याकडून कळलं. वाळत घातलेल्या दोरीवर कपड्यांपेक्षा पायाला गुंडाळायच्या पट्ट्या जास्त होत्या, हे आत्यानं स्वतः पाहिलं. आणि पोरी रोज नाचतात तो हॉल मागं आहे, पत्र्याचा, खाली फरशी.

मी म्हटलं, "आत्या, लाकडी हॉल मी डोळ्यानं पाहिला."

"म्याबी पाह्यला. चप्पल काढून फिरले. येक ओरखडा न्हाई. जिथं रोज पोरी उड्या मारतात तिथं येक ओरखडा नसंल?" मग सावकाश म्हणाली, "थो ट्रॅक्टर हाय."

रेणुका बूट छातीशी धरून उभी होती. ती एकदम फुटली. माझं वय निघून चाललंय, तुम्हाला मला नुसतं फिरवून आणायचं होतं, असं काय काय बोलली. शेवटी आत्याला म्हणाली, "तू माझ्यासाठी शाळा पाहून राहिली का नवरा?"

आत्या चिडली नाही. "नवरा पटला न्हाई तर माहेर हाय, माय. पायाला माहेर न्हाई."

तरी मी वाद घातला. खरं लिहायचं तर मी रेणुकासाठी नाही, माझ्या पत्रकासाठी भांडत होते. बाराच्या बारा उत्तरं बरोबर आली, आत्या, एकही चुकलं नाही. त्यावर ती म्हणाली, "मुलीकडचे काय इचारनार ते वरबापाला आधीच ठाऊक असंल तर चुकंल काहून? बराबरच येनार."

मी ओढणी विसरल्याचं सांगून परत आत गेले. सर नव्हते. कारकुनाच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली माझं पत्रक. बारा प्रश्न, आणि प्रत्येकापुढं निळ्या शाईत नीट अक्षरात उत्तर. नवव्यापुढं लिहिलं होतं, 'न विचारता सांगावे'.

मी आयुष्यात पुष्कळांवर ओरडले. त्या क्षणी ओरडायला समोर कुणी नव्हतं. मी बाहेर गेले, रेणुकाच्या हातून बूट घेतले आणि परत येऊन काउंटरवर ठेवले.

दुसरी शाळा जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. तिथल्या बाई साठीच्या, केस बारीक कापलेले, आवाज खणखणीत. त्यांनी आमचं स्वागत वगैरे केलं नाही. वर्ग चालू आहे, कोपऱ्यात बसा, बोलू नका, म्हणाल्या. दोन तास आम्ही जमिनीवर बसून पाहिलं. जमीन लाकडीच, पण ओरखड्यांनी भरलेली, दोन ठिकाणी नवं लाकूड घालून सांधलेली. भागाआत्या तिच्यावरून सारखा हात फिरवत होती, आणि मोरीकडं गेलीच नाही. रेणुकाएवढ्या पोरी दांड्याला धरून नुसते गुडघे वाकवत होत्या आणि सरळ करत होत्या. टोकावर एकही नाही.

मग बाईंनी रेणुकाला बोलावलं. मांडी, घोटा, पाऊल हातानं वळवून पाहिलं. काय जेवतेस, पाळी नियमित येते का, पूर्वी काही दुखावलंय का, विचारलं. करून दाखव म्हटल्यावर रेणुकानं सकाळचीच जादू पुन्हा करायची ठरवली आणि अनवाणीच टोकावर चढायला गेली.

"खाली ये," बाई म्हणाल्या. "तुला वर कुणी चढवलं?"

रेणुकानं सांगितलं. बाईंनी त्या शाळेबद्दल एक शब्द काढला नाही. आमच्याकडं वळून म्हणाल्या की पाय चांगला आहे, कान चांगला आहे, उशीर झालाय. नर्तिका होईल की नाही हे मला आज कळत नाही, आणि जो कळतं असं सांगेल त्याच्यापासून दूर राहा. एक वर्ष ठेवून घेईन. शेजारच्या शाळेत दहावी करावीच लागेल. वर्ष संपलं की ठरवू.

मी पत्रक पर्समधून काढलंच नाही. आत्यानं मात्र दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "तुमच्याकडून परत गेलेली पोरगी कुठं भेटंल?" सोयरिकीत ही चौकशी सगळ्यात शेवटी आणि चोरून करतात. बाईंनी कागदावर दोन पत्ते लिहून दिले. एकीला आम्ही संध्याकाळी भेटलो. तिला बाईंनी दुसऱ्या वर्षी थांबवलं होतं. आता ती फिजिओथेरपी शिकते आणि रविवारी बाईंच्या लहान मुलींना मदत करायला जाते. तेव्हा फार रडले, म्हणाली, पण पाय शाबूत आहेत.

दुसरा प्रश्न मी कुणालाच विचारताना ऐकला नव्हता. "न्हाई जमलं तर आमची पोरगी कशी धाडाल?"

बाईंनी आधी आत्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मी स्वतः घेऊन येईन. तुमच्या घरी बसेन, ती काय शिकली आणि मी का थांबवलं ते तुम्हाला समोर सांगेन. जमलं तर मात्र ती एकटी येईल, सुट्टीपुरती."

मग त्या रेणुकासमोर बसल्या. आम्हाला नाही, तिला विचारलं, येशील का? रेणुकानं विचारलं, वर्षभर टोकावर नाही? नाही. मग काय करायचं?

"उभं राहायचं," बाई म्हणाल्या.

पोरीचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. आत्यानं माझं मनगट धरलं होतं. शेवटी रेणुका म्हणाली, "कधी येऊ?"

ते वर्ष मी कसं काढलं, विचारू नका. रविवारी वसतिगृहाचा फोन यायचा आणि सोमवारी दत्ताभाऊ मला सांगायचे. पहिले चार महिने एकच तक्रार, नुसतं उभंच करून राहिल्यात. मग तक्रार थांबली. दत्ताभाऊंना ते जास्त काळजीचं वाटायला लागलं.

इकडं मी बारा प्रश्नांचं पत्रक बंद केलं. छापील प्रश्न निघाला की छापील उत्तर तयार होतं, एवढं साधं मला सात वर्षांत कळलं नव्हतं. आता पालकांना मी तोंडी सांगते, आणि प्रत्येकाला वेगळं सांगते. ज्यांच्या घरात अशी आत्या असेल त्यांना म्हणते, तिला न्या. पण त्या तीन वर्षांत माझे बारा प्रश्न खिशात घालून किती आईबाप कुठकुठं सही करून आले असतील? त्यांतल्या ज्यांची नावं आमच्या वहीत आहेत त्यांच्या दारी मी आता जातेय. काही ठिकाणी लेकरू बरं आहे. एका ठिकाणी मला दार उघडलं नाही. बरोबर केलं त्यांनी.

वर्ष संपलं. निकाल बाई मुलींना शेवटच्या सकाळी तोंडी सांगतात, हे माहीत होतं. त्या सकाळी फोन आला नाही. पुण्याहून वाशिमला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर दत्ताभाऊंच्या ढाब्यावर जेवणारा, त्याच्या भरवशावर जागा सांगून ठेवली होती. त्याला फोन करून बरोबर कोण बसलंय ते विचारता आलं असतं. आत्यानं करू दिला नाही. "पोरीनं सांगितलं न्हाई तर पोरीला येऊन सांगायचं हाय. थांबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही तिघं नाक्यावर उभे. ढाब्यावर न्याहारी करणारे दोन ट्रकवाले काय भानगड आहे म्हणून उठून आले. दत्ताभाऊंनी त्यांना सांगितलंही, पोरगी येऊन राहिली, बरोबर एक बाई असल्या तर घरी येनार, नसल्या तर परत जानार. ट्रकवाल्यांना काही कळलं नाही, पण ते थांबले.

गाडी आली. दार उघडलं. आधी पोतं घेतलेला एक माणूस उतरला, मग तान्हं घेतलेली बाई. मग रेणुका. उंच झाली होती, पाठीवर बॅग, आणि चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळू देत नव्हती. तिच्यामागं दारात बारीक कापलेल्या केसांची एक बाई दिसली. दत्ताभाऊंचा हात माझ्या खांद्यावर घट्ट बसला. ती बाई पायरीवर वाकली, बाहेर थुंकली, आणि परत आत जाऊन बसली.

दार बंद झालं. गाडी वाशिमकडं गेली.

रस्त्याच्या पलीकडं रेणुका उभी होती. दोन पायांवर, मान वर, खांदे खाली, अशी सरळ की ट्रकवाल्यांनीही बोलणं थांबवलं. आत्यानं आधी तिच्या डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं, मग पुन्हा एकदा, चौकशी पक्की करावी तसं.

"एकटीच हाय," ती म्हणाली, आणि रस्ता न बघताच पलीकडं निघाली.